अर्धी पोकळ गिटार आणि माझे तयार कान

"उबदार," असं मी म्हणाले आणि तिथेच सगळं बिघडलं.

खरं तर मला तो आवाज पातळ वाटला होता. पण लग्नाला जेमतेम चार महिने झालेले, बाहेर ढगाळ रविवार, नवरा सहा तास जमिनीवर उकिडवा बसून गिटारचं पोट शिवून नुकता उठलेला, आणि चेहऱ्यावर दहावीचा निकाल बघायला आल्यासारखा भाव. अशा माणसाला 'पातळ' कसं म्हणायचं? (चहाला म्हणते. पण चहा करायला त्याला सहा तास लागत नाहीत.)

आमच्या घरात माणसं तीन, आणि बोलणं दीड माणसाला पुरेल एवढं. नवरा विमा कंपनीच्या दावे विभागात आहे. जळालेली दुकानं, पाणी शिरलेली तळघरं, कोसळलेली छपरं यांचे फोटो तो दिवसभर बघतो, आणि भरपाई का मिळणार नाही ते नम्र भाषेत लिहितो. संध्याकाळी तोच नम्र चेहरा घेऊन घरी येतो. सासरे गेल्यापासून सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत असतात. खिडकीतून समोरच्या गोदामाची भिंत दिसते, ती त्या बघतात. त्यांना कमी ऐकू येतं असं घरात सगळे मानतात. चाचणीला मात्र त्या येत नाहीत. ("मला ऐकायचं तेवढं येतं.")

आणि मी. मी कानाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात श्रवणचाचणी घेते. पेशंट काचेच्या बंद खोलीत बसतो, मी बाहेर बटणं दाबते, आवाज आला की त्याने बोट वर करायचं. या कामात बोलायला मनाई आहे. माझ्या स्वभावाला इतकी सोयीची नोकरी दुसरी नसेल.

नवऱ्याचं एकच सुख होतं. चार जणांचा त्यांचा ग्रुप, दर शनिवारी दुपारी ब्लूज आणि जॅझ वाजवायचा. ग्रुपचे म्होरके एक दंतवैद्य, सॅक्सोफोन वाजवतात. सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. त्या डॉक्टरांनी एक दिवस नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझी गिटार उशीखालून बोलते रे. पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे. आवाज सुधारला नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

त्या दिवशी तो घरी येऊन न जेवता झोपला. दुपारी चार वाजता.

दुसऱ्या दिवशी त्याने जाहीर केलं, पिकअप बदलायचा. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तार. गिटारच्या तारांची थरथर तो पकडतो आणि स्पीकरकडे पाठवतो. या गिटारला असे दोन. एक मानेजवळ, भरदार आवाजाचा, ज्यावर तो कायम वाजवायचा. दुसरा खाली ब्रिजजवळ, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीजवळ, टोचऱ्या आवाजाचा, ज्याला तो हातही लावत नसे. कोणता वाजवायचा ते ठरवायला एक खटका: वर केला की मानेजवळचा, खाली केला की ब्रिजजवळचा. वाद्यांच्या दुकानदाराने मानेजवळ बसवून बघायला तीन पिकअप दिले आणि महिन्याभरात एक निवडून बाकीचे दोन परत आणा म्हणाला. एक जाड गोड आवाजाचा म्हणे, एक लख्ख पण गुणगुणणारा, आणि एक दोन्हींच्या मधला. लग्नाआधी स्थळं दाखवतात तसा सगळा प्रकार.

अडचण अशी की ही गिटार आतून अर्धी पोकळ. मागून उघडायला झाकण नाही. छातीवर दोन नागमोडी फटी, त्यांतून सगळ्या वायरी, बटणं, खटका बाहेर ओढायचा आणि काम झालं की दोरा बांधून परत आत ओढून आपापल्या भोकातून वर काढायचा. नवऱ्याचा हात फटीत जाईना. माझी बोटं बारीक. पहिल्या रविवारी खटका मीच आत सरकवला, दोऱ्याने वर ओढला आणि नट आवळला. इतका घट्ट आवळला की नवरा म्हणाला, "वा! हा आता जन्मात हलणार नाही." लग्नानंतर त्याने केलेलं ते माझं पहिलं कौतुक. मी दिवसभर ते पुरवून पुरवून वापरलं.

मग त्याने वाजवलं, आणि विचारलं, "कसा वाटतो? तुझे कान तयार आहेत."

आणि मी म्हणाले, "उबदार."

त्याने वहीत लिहिलं: पहिला – उबदार.

खिडकीजवळून सासूबाई म्हणाल्या, "पेशंट वाचला का?"

पुढच्या रविवारी दुसरा. पुन्हा पोट फाडलं, पुन्हा दोरे. (खटका मात्र काढावा लागला नाही. सांगितलंच, जन्मात हलणार नव्हता.) डॉक्टरांनी आत बघायला दातांचा छोटा आरसा दिला होता. तो फटीत घालून मी वायरी शोधत होते, आणि गिटारच्या पोटातला अंधार बघून मला आमच्या दिवाणखान्याची आठवण येत होती. पाच तासांनी त्याने वाजवलं.

मला काहीही फरक कळला नाही. तोच आवाज, तसाच पातळ.

आमच्या दवाखान्यात काही पेशंट असतात, आवाज नसतानाही बोट वर करतात. बिचारे चांगले असतात. समोरच्याची निराशा त्यांना बघवत नाही. त्यांच्या कागदावर मी बारीक अक्षरांत 'भरवसा नाही' असं लिहिते. त्या रविवारी मी बोट वर केलं.

"हा जरा... मोकळा आहे."

"मोकळा!" तो उडालाच. "मला तेच वाटत होतं, शब्द सापडत नव्हता!"

तिसऱ्या रविवारी तिसरा. पुन्हा तोच आवाज. मी डोळे मिटले, बराच वेळ मिटलेले ठेवले, आणि म्हणाले, "यात धूर आहे."

नवरा खाली बसला. "धूर," तो हळूच म्हणाला. "ब्लूजला अजून काय पाहिजे?"

"आई, तुम्हाला कसा वाटला?" मी विचारलं. पाप वाटून घ्यावं म्हणून.

"मला तर तिन्ही एकच वाटले," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने माझ्याकडे बघून खांदे उडवले. मीही त्याच्याकडे बघून समजूतदार हसले. कमी ऐकू येणाऱ्या माणसाबद्दल दोन जण हसतात तसं. तो आमच्या संसारातला सगळ्यात एकोप्याचा क्षण होता, हे लिहिताना मला आता बरं वाटत नाही.

धूरवाला पिकअप ठरला. बाकीचे दोन दुकानात परत गेले. शनिवारी डॉक्टरांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत परीक्षा होती, आणि नवरा म्हणाला, "तू पण चल. तुझा कान आहे म्हणून हे झालं."

खोलीत एक पियानो, ड्रम, भिंतीवर जबड्याचा मोठा तक्ता. नवऱ्याने वाजवायला सुरुवात केली. चार ओळींतच डॉक्टरांनी सॅक्सोफोन खाली ठेवला.

"हा नवा पिकअप?"

"हो. यात धूर आहे."

"धूर?"

"ही म्हणाली. ही श्रवणतज्ज्ञ आहे." (मी टेक्निशियन आहे. पण ती वेळ ते सांगायची नव्हती.)

"मला तर डास ऐकू येतोय, धूर नाही. इतका किरटा आवाज? पुन्हा वाजव बघू."

नवऱ्याच्या कपाळावर घाम आला. तो पुसून हात खाली आणताना बाहीचं बटण खटक्यात अडकलं आणि खटका खाली आला. पुढचा सूर वाजला तो असा भरदार, गोल आणि खोल की ड्रमवाला काठ्या थांबवून म्हणाला, "आईशप्पथ!"

नवरा गिटारकडे बघत राहिला, जणू ती मध्येच मराठी बोलली.

"खटका खाली म्हणजे ब्रिजचा ना?" डॉक्टर म्हणाले.

"हो."

"मग हा आवाज ब्रिजचा कसा असेल?" त्यांनी खिशातली दात टोचायची सळई काढली. मानेजवळच्या पिकअपवर टकटक केलं, स्पीकरमधून ठणठण आवाज आला. खटका वर केला, पुन्हा मानेजवळ टकटक. काहीच नाही. ब्रिजवर टकटक. ठणठण.

"खटका उलटा बसलाय," डॉक्टर म्हणाले. "महिनाभर तुम्ही एका दाताचं काम करताय आणि शेजारच्या दाताला विचारताय, आता बरं वाटतं का? तिन्ही वेळा तुम्ही ऐकलात तो जुना ब्रिजचाच पिकअप."

"खटका कुणी बसवला?" ड्रमवाल्याने विचारलं. त्याला काही वाईट हेतू नव्हता.

मी तक्त्यावरचा जबडा बघितला. गप्प राहणं हा माझा धंदाच आहे. नवरा खाली मान घालून म्हणाला, "मीच बसवला असणार."

तो खोटं बोलला, तेही माझ्यासाठी, आणि मला ते सहन झालं नाही.

"मी बसवला," मी म्हणाले. "आणि मला तिन्हींत काही फरक कळला नव्हता. सगळे पातळ वाटले होते."

डॉक्टरांनी सळई पुसून खिशात ठेवली.

"बरं," डॉक्टर शेवटी म्हणाले, "आवाज तर आता फर्स्टक्लास आहे. पूर्ण गाणं वाजव."

त्याने वाजवलं. एकेक सूर काचेसारखा स्वच्छ. डॉक्टरांनी डोळे मिटून ऐकलं, मग उघडले, आणि पेशंटला दात काढावा लागेल असं सांगतात त्या आवाजात म्हणाले, "मित्रा, आतापर्यंत उशीखाली होतं म्हणून कळलं नाही. आता वाजवणं ऐकू येतंय. तू लयीच्या पुढे पळतोस. या कार्यक्रमाला मी दुसऱ्याला घेतो. महिनाभर लय पक्की कर, मग ये. खुर्ची ठेवतो तुझी."

घरी येताना आम्ही दोघं गिटारची पेटी मधे धरून चाललो होतो, कुणाला तरी दवाखान्यातून आणल्यासारखे. पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. बंद दुकानांची शटरं होती.

"एकदाही फरक कळला नाही?" त्याने विचारलं.

"एकदाही नाही."

"मग उबदार, मोकळा, धूर... हे सगळं?"

"तू विचारत होतास. तुझा चेहरा बघून सुचायचं."

तो पेटीचं हँडल दुसऱ्या हातात घेऊन म्हणाला, "रोज संध्याकाळी माझं वाजवून झालं की तू 'छान' म्हणतेस. तेही तसंच?"

दावे विभागातल्या माणसाला मी पहिल्यांदाच कारण देत होते. "तू तिसऱ्या ओळीला घाई करतोस," मी म्हणाले. "रोज."

"हे तुला कधीपासून माहितीये?"

"लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून."

तो थांबला. मला वाटलं, झालं. चार महिन्यांचा संसार बंद शटरांसमोर आटोपला. पण तो म्हणाला, "मग उद्यापासून तू लय धर. तुला ती तरी कळते. खोटं 'छान' म्हणायचं नाही. चुकलं की थांबवायचं."

आयुष्यात पहिल्यांदा मला बोलण्याचं काम मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी ताठ बसले, हातात पेन्सिल, मन लावून टकटक. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीला तो चुकला. मी थांबवलं. पुन्हा. पुन्हा तिथेच. मी पुन्हा थांबवलं, जरा जास्तच रुबाबात. "बघ, इथे. इथे तू पळतोस."

सातव्या वेळी खिडकीतल्या खुर्चीत मटार सोलत बसलेल्या सासूबाईंनी वर न बघता सांगितलं, "सूनबाई, तो नाही पळत. तूच पळतेयस. तो बिचारा तुला गाठायला जातो."

मी पेन्सिल खाली ठेवली. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि मग इतका मनापासून हसला की लग्नानंतर तो इतका आनंदी मी कधीच पाहिला नव्हता.

आता लय सासूबाई धरतात. मटार मी सोलते.