घराचा करदोडा

भालेराव मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की आधी भिंतीला विचारतात आणि मग बसतात. आपण "या, बसा" म्हणावं, पाहुण्यानं खुर्ची शोधावी, ही जगाची रीत. मॅडम सरळ भिंतीकडे जातात, बोटं मुडपून तीन-चार ठिकाणी ठकठक करतात, कान लावून ऐकतात आणि मग घरमालकाकडे अशा काही नजरेनं बघतात की त्या बिचाऱ्याला आपलाच एक्सरे निघाल्यासारखं वाटतं. भिंत पसंत पडली तर तिला टेकून बसतात. नाही पडली तर दारात, चौकटीखाली. आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातच बसल्या होत्या. बायकोनं चहा तिथंच नेऊन दिला आणि आत येऊन मला हळूच विचारलं, "काही रुसवा आहे का त्यांचा आपल्यावर?"

रुसवा कसला? त्या लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शिकवतात, आणि भूकंपात घरं कशी पडतात नि पडू नयेत म्हणून काय करावं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. आमचं त्यांचं कुंपण एकच. मी रसायनशास्त्राच्या शिकवण्या घेतो. लातूरात शिकवण्या घेणं म्हणजे माहूरला नारळ विकण्यासारखं आहे, त्यात विशेष काही नाही. पण शेजारी भालेराव मॅडम असणं, हे मात्र विशेष. आमच्या गावानं महाराष्ट्राला गुणवंत पोरांच्या याद्या दिल्या असतील. आमच्या गल्लीनं भालेराव मॅडम दिल्या. हे मी पाहुण्यारावळ्यांना छाती फुगवून सांगतो.

मॅडमच्या तोंडी एक शब्द कायम असतो. "पुरावा?" दूधवाला म्हणाला, "मॅडम, पाण्याचा थेंब न्हाई ह्यात," की मॅडम म्हणणार, "पुरावा?" बायको म्हणाली, यंदा उन्हाळा जास्त आहे, "पुरावा?" एकदा मी बोलून गेलो की माझा क्लास लातूरात एक नंबर आहे. पुरावा मागितलाच. मी भिंतीवरच्या पोरांच्या फोटोंकडे बोट दाखवलं.

"ही पोरं तुमच्याकडं आली नसती तर नापास झाली असती, ह्याचा पुरावा?"

"तो कसा देणार?"

"सोपं हाय सर. एवढीच हुशार दुसरी पोरं गोळा करा. त्यांना काहीच शिकवू नका. मग दोन्हींचे निकाल ताडून बघा."

"अहो मॅडम, न शिकवण्याचा क्लास कोण काढेल?"

"त्यालाच तर संशोधन म्हणतेत," मॅडम म्हणाल्या आणि चहाचा कप ठेवून निघून गेल्या. मी संध्याकाळपर्यंत त्या फोटोंकडे बघत बसलो होतो.

माझ्या नव्या हॉलच्या उद्घाटनाला लोक पुष्पगुच्छ घेऊन आले, मॅडम ड्रिल मशीन घेऊन आल्या. पुस्तकांची लोखंडी कपाटं मी मोठ्या हौसेनं भिंतीला लावून ठेवली होती. मॅडमनी फीत कापायच्या आत ती भिंतीला बोल्टनं जखडून टाकली. प्रमुख पाहुणे भिंतीच्या धुळीत न्हाले. "काय करायलाव मॅडम?" असं मी कळवळून विचारलं, तर म्हणाल्या, "सर, ह्याच्या खाली पोरं बसणार. जमीन हलली तर तुमचं सेंद्रिय रसायनशास्त्र त्यांच्या डोक्यात एकदमच शिरंल की." ती कपाटं आजही तिथंच आहेत. रंगवायचं म्हटलं तरी हलवता येत नाहीत.

माणसं पारखण्यात मात्र माझ्या बायकोचा त्यांच्यावर फार भरवसा. म्हणून पुतण्यासाठी चाकूरला मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनाही सोबत नेलं. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली, आणि नेमक्या त्याच वेळी मॅडम उठल्या आणि भिंत ठोकायला लागल्या. मुलीच्या वडिलांना वाटलं, वरपक्ष घर जोखतोय. ते मोठ्या अभिमानानं म्हणाले, "आजोबाच्या काळातलं हाय बाई. दोन हात रुंदीची भिंत हाय."

"रुंद हाय, पण मधून पोकळ हाय. दोन्ही बाजूचे दगड एकमेकाला धरून न्हाईत. माळवदावर माती किती पिढ्यांची?"

माळवद म्हणजे आमच्याकडच्या जुन्या घरांचं मातीचं सपाट छप्पर. पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. जुनी माती कुणी काढत नाही, नवी दरवर्षी पडते. मुलीचे वडील म्हणाले, "पिढ्या कोण मोजतंय?" मॅडमनी एक सुस्कारा सोडला आणि निकाल दिला, "पोरगी लई गुणाची हाय. सोयरीक करा. फक्त मांडव बाहेर टाका." मांडव बाहेरच पडला. ती सून आता आमच्या घरी आहे, आणि तिच्या माहेरच्या माळवदावरची निम्मी माती मॅडमनी उभं राहून खाली काढायला लावली.

मॅडमच्या परसात एक यंत्र आहे. भुईमुगाच्या शेंगा चाळायची मोडकी चाळण त्यांनी अहमदपूरच्या धान्याच्या मोंढ्यातून आणली, तिला मोटर बसवली, वर फळी ठोकली. या फळीवर त्या गुडघ्याएवढी घरं बांधतात, खऱ्या दगडमातीची, आणि बटण दाबून हलवतात. गल्लीत याला "मॅडमची बाज" म्हणतात. दुपारी खडखडाट सुरू झाला की माझ्या क्लासची पोरं मोल आणि रेणू सोडून कुंपणावर चढतात. मॅडमचा खेळ ठरलेला असतो. शेजारीशेजारी दोन घरं. एक साधं. दुसऱ्याला दारा-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींभोवती जाळीचा आणि सिमेंटचा पट्टा, आणि मधूनमधून भिंतीत आरपार घातलेले लांब दगड. बाज हलली की साधं घर ढासळतं. पट्ट्याचं तडकतं, पण उभं राहतं. मग मॅडम पोरांकडे वळून म्हणतात, "लेकराच्या कमरंला करदोडा बांधता का न्हाई? मग घराला का न्हाई बांधत?" माझी पोरं टाळ्या वाजवतात. माझ्या तासाला कधी वाजवली नाहीत.

आणखी एक गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत होती. मॅडम घरात झोपत नसत. स्वतः बांधलेलं, स्वतः ठोकून पाहिलेलं पक्कं घर, आणि झोपायची बाज कायम अंगणात. थंडीत वर दोन घोंगड्या, पावसात पत्र्याच्या शेडखाली. कुणी विचारलं तर म्हणत, "वारा मोजायलेय." एकट्या बाईमाणसाला जास्त कोण विचारणार? साऱ्या जगाला पुरावा मागणाऱ्या या बाईला त्या एका उत्तराचा पुरावा कुणीच मागितला नाही.

अशात एक दिवस डॉक्टर काझी त्यांच्याकडे आले. काझी म्हणजे आमच्या भागातले लहान मुलांचे डॉक्टर. स्वभावानं शांत, पण त्या दिवशी वैतागलेले होते. म्हणाले, "मॅडम, खेड्यातून तीच ती लेकरं यायलीत. खोकला, ताप, कुणाला विंचू चावलेला. आपल्याकडच्या त्या मोठ्या भूकंपाला इतकी वर्षं झाली, तरी लोक लेकरांना अंगणातच निजवतेत. ज्यांनी भूकंप बघितला बी न्हाई, अशी लेकरं! औषधं देऊन देऊन मी थकलो. खोकला छातीत न्हाई मॅडम, अंगणात हाय."

मॅडमनी परसातल्या यंत्राकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे औषध माझ्याकडं हाय."

तिथून त्या दोघांचं संशोधन सुरू झालं. औशाकडच्या एका गावातली घरं भूकंपात पडली नव्हती, पण तडकली होती. मॅडमनी विद्यार्थी नेऊन त्या घरांना करदोडे बांधले, माळवदं हलकी केली. डॉक्टर दर आठवड्याला तिथल्या लेकरांच्या छात्या तपासत. घरं पक्की झाली की लेकरं आत निजतील, आत निजली की खोकला हटेल, असा साधा हिशेब होता.

घरं पक्की झाली. लेकरं अंगणातच राहिली. हिवाळा लागला आणि खोकला पुन्हा सुरू झाला. मॅडम तिकडून यायच्या आणि परसात गप्प बसून राहायच्या. बाजेचा खडखडाट बंद पडला. संशोधनात अपयश आलं तर ते लिहून पुढं जायचं असतं, असं त्याच मला सांगायच्या. पण हे काही त्यांना लिहून टाकता येत नव्हतं. तिकडं लेकरं खोकत होती.

शेवटी त्यांनी ठरवलं, बाजच गावात न्यायची. टेम्पोत बाज, मॅडम, डॉक्टर आणि मी. कौसाबाई म्हणून एक म्हातारी होती, गावातल्या बायका तिच्या शब्दाबाहेर नसत. तिच्याच घरापुढं खेळ मांडला. तिची नात पिंकी अंगणातल्या गोधडीत खोकत पडली होती. बटण दाबलं. साधं घर पडलं, करदोड्याचं उभं राहिलं. बायका बघत होत्या. मॅडम म्हणाल्या, "आता तरी निजवा लेकरं आत. तुमचं घर असंच पक्कं केलंय म्या."

कौसाबाईनं पदर सावरला. "हे तर खेळण्यातलं घर झालं, बाई. माझ्या घरात तू निजशील का?"

"निजंन की."

"पुरावा?"

सगळ्या बायका हसल्या. इतक्या महिन्यांत मॅडमचा शब्द गावानं पाठ केला होता. मीही हसलो, आणि मग मॅडमकडे बघितलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. त्या दारापर्यंत गेल्या, भिंतीवर हात टेकवला, आणि आत जायच्या ऐवजी चौकटीखाली बसल्या.

"माळवदावर माती टाकायचं काम माझंच हुतं," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या, कुणास ठाऊक. "अंगानं हलकी म्हणून आई मलाच वर चढवायची. दरवर्षी पाट्याच्या पाट्या. गल्लीत आमचंच घर गळायचं न्हाई. आईला लई कौतुक. भूकंपाच्या राती उकडत हुतं म्हणून म्या अंगणात निजले. आई आत हुती. सगळी माती..."

डॉक्टर जमिनीकडे बघत होते. मला त्यांच्या अंगणातल्या झोपायच्या बाजेची आठवण झाली, आणि वारा मोजणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं.

कौसाबाई त्यांच्याजवळ जाऊन बसली. "आईनंच सांगितलं हुतं न्हवं टाकायला? म्या बी माझ्या लेकीला हेच सांगायची. लेकरं भिजू नयेत म्हणून टाकतो आपण माती. मारायला कोण टाकतंय, येडे?" तिनं मॅडमचा हात धरला. "चल. म्या बी येते आत. कधीची गेले न्हाई."

दोघी उठल्या. उंबऱ्यावर मॅडम थबकल्या, सवयीनं बोटं मुडपली, भिंतीवर ठोकलं, ऐकलं. मग आत गेल्या. कौसाबाईनं घोंगडी अंथरली. मॅडम भिंतीला पाठ लावून आडव्या झाल्या आणि उघड्या डोळ्यांनी वर बघत राहिल्या. ऐन दुपार होती, बाहेर ऊन तापलं होतं, आणि अख्खं गाव दारात उभं राहून एका प्राध्यापिकेला झोपताना बघत होतं. संशोधन असंही असतं, हे मला माहीत नव्हतं. पिंकी गोधडी ओढत उठली, सगळ्यांच्या पायांतून वाट काढत आत गेली आणि मॅडमच्या कुशीत शिरली. मॅडमनी तिच्या अंगावर हात टाकला. मग दुसरं एक पोर गेलं. त्याची आई त्याला ओढायला पुढं झाली, आणि थांबली.

थोड्या वेळानं आतून आवाज आला. मॅडम घोरत होत्या. चांगल्या खणखणीत घोरत होत्या, शेंगांच्या चाळणीला लाजवतील अशा. डॉक्टर काझींनी चष्मा काढून पुसला. माझी छाती तर अशी भरून आली की माझ्या क्लासचा पोरगा राज्यात पहिला आल्यावरही आली नव्हती.

दारातल्या बायका कुजबुजायला लागल्या, कुणी तरी हसलं. कौसाबाईनं आतूनच हात वर करून सगळ्यांना दटावलं.

"हळू बोला गं," ती म्हणाली. "लेक निजलीय."