कडुनिंबाच्या कार्याची अक्षत

छापील पत्रिकेवर बापूकाका कुठल्याही लग्नाला गेले नाहीत. सख्ख्या पुतण्याच्याही नाही. पुण्याहून पत्रिका आली, ती त्यांनी नीट वाचली, देवापुढे ठेवली आणि लग्नाच्या दिवशी घरी मुगाची खिचडी करून खाल्ली. दारात येऊन, हातावर अक्षत ठेवून ‘यायचं हं’ म्हटलं की ते बोलावणं. बाकी सगळी नुसती इत्तला, कळवण्यापुरती, असं ते म्हणत.

इकडे उत्तरेत, ब्रह्मा घाटाच्या वर आमच्या गल्लीत एक लहानसा चौक आहे. चौकात कडुनिंब, निंबाला दगडी पार, आणि पारासमोरच्या घरात पहिल्या मजल्यावर बापूकाका. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, बारा महिने अंगात बंडी. कुणाकडे बारसं असो की सत्यनारायण, बोलावलं असेल तर ते यजमानाच्या आधी हजर. बोलावलं नसेल तर वाटेत प्रसादाचा द्रोण पुढे केला तरी हात मागे.

नव्वदच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यांत संध्याकाळी बत्ती जायचीच. दिवसभर लूचे गरम वारे खाऊन भिंती इतक्या तापलेल्या असत की घरात बसवत नसे. मग सगळी गल्ली पारावर. आम्ही चार मराठी घरं, बाकी इथलीच मंडळी. माझी आई कुठून तरी विषय काढी आणि वीज येईपर्यंत तो पुरे. बापूकाका मात्र वर खिडकीत, अंधारात. दिसत नसत, पण सकाळी मी बँकेत नोकरीला निघालो की मला गाठत आणि सांगत, "आईला म्हणावं, भरल्या वांग्यात गूळ शेवटी घालायचा. काल ती आधी म्हणाली." आई वैतागायची. या माणसाला दुसऱ्यांचं ऐकण्यावाचून उद्योग नाही, असं तिचं मत होतं, आणि गल्लीचंही.

त्याच सुमारास नगर निगमाने वाढता उन्हाळा आणि दरवर्षीचा पूर यांच्यासाठी एक योजना आखायला घेतली. योजना मोहल्ल्यातल्या लोकांना विचारून करायची होती. म्हणजे भिंतीवर नोटीस चिकटली. मारुतीच्या देवळात बैठक झाली, तिला इंजिनियर आले, त्यांचा चपराशी आला, आणि देवळात दर्शनाला गेलो होतो म्हणून मी सापडलो. इंजिनियर भले गृहस्थ होते. त्यांनी नक्शा उलगडून दाखवला. उन्हाळ्यात पाणी पुरावं म्हणून चौकात ट्यूबवेल, आणि तिची पंपाची खोली नेमकी निंबाच्या जागी. पुढच्या बैठकीलाही कुणी आलं नाही तर हाच नक्शा पक्का, असं ते म्हणाले.

हे मी बापूकाकांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांनी भिंतीला बोलावलं. आपण माणसांना बोलावू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून निघाले. हातात चांदीची वाटी, वाटीत कुंकू लावलेल्या अक्षता. पहिली अक्षत गणपतीला. दुसरी निंबाच्या बुंध्याशी, कारण ज्याचं कार्य त्यालाच वगळून कसं चालेल. मग दारोदार. निगमाच्या कचेरीत जाऊन त्यांनी इंजिनियरच्याही हातावर अक्षत ठेवली, आणि त्या बिचाऱ्याने ती कपाळाला लावली.

मराठी घरांतही गोंधळ उडालाच, पण इथल्या मंडळींनी तर सरळ लग्नाचा अर्थ काढला. पानवाल्याने विचारलं, "का गुरु, ई उमिर में बियाह?" बापूकाकांनी गंभीरपणे सांगितलं की देवळात कार्य आहे, सहकुटुंब यायचं. बस्स. बैठकीच्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. हलवायाने लवंगलतेचा डबा आणला आणि नवरी कुठे बसली आहे ते शोधत राहिला.

खुलासा झाल्यावर थोडी निराशा झाली, पण आलेली माणसं परत जाईनात. नक्शा खाली पसरला आणि लोक त्यावर वाकले. पाणी सगळ्यांनाच हवं होतं, निंबही हवा होता. पुराचं पाणी कुठल्या मोरीतून आधी शिरतं यावर वाद झाला. शेवटी आई म्हणाली की वरच्या वळणावर पडीक कचराघर आहे, तिथे पुराचं पाणी चढत नाही, पंप तिथे का नाही? इंजिनियरांनी जाऊन जागा पाहिली, परत आले आणि पेन्सिलने खूण हलवली.

मग सौजन्याने ते बापूकाकांकडे वळले. सगळ्यांना तुम्ही बोलावलंत, तुम्हीही काही सांगा, म्हणाले. मला वाटलं, काका आता सावली, झुळूक वगैरे बोलतील.

काका उभे राहिले. हिंदीत सुरुवात केली, पण मध्येच मराठीवर आले, आणि बोलले आमच्याकडे बघून.

"निंब गेला असता तर तुम्ही सगळे आपापल्या गच्चीवर गेला असतात. जायलाच हवं होतं. पण मग माझ्या खिडकीत आवाज आला नसता. दिवसभर घरात मी एकटाच असतो. बत्ती जायची मी वाट बघतो."

इंजिनियरांना मराठी कळत नव्हतं. पानवाल्यालाही नाही. तरी इंजिनियरांनी पेन्सिल खाली ठेवली.

आईने पदर सावरला. "मग इतकी वर्षं खाली का नाही आलात, बापूभावजी? दहा पावलांवर तर पार."

बापूकाकांनी हातातली टोपी उगाच सरळ केली.

"कुणी या म्हणालं नाही, वहिनी," ते म्हणाले.