क्लचवर विलायची

त्या दिवशी मी गाडीतलं गाणं बंद केलं. बस्स, एवढंच केलं.

पुढे गाडी दोनदा मिस्त्रीकडे गेली, केनवडहून गिऱ्हाईक आलं, माझ्या सासऱ्यांना खरं बोलल्याबद्दल भर रस्त्यावर ऐकून घ्यावं लागलं. या सगळ्याचं मूळ ते एक बटण. गाणं चालू असतं तर मला काही ऐकूच आलं नसतं, आणि मी आजही सुखानं चुकीच्या पद्धतीनं गाडी चालवत असते.

आधी माझी अडचण सांगते. मी दचकते. फोन थरथरला तरी दचकते, घरच्या इन्व्हर्टरनं ‘टिक्’ केलं तरी दचकते, मागून कुणी प्रेमानं हाक मारली तरी हातातलं खाली पडतं. एम.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं, कारण झाडं आवाज करत नाहीत. (घरी सांगितलं की, आपण जैन, प्राणिशास्त्र कसं घेणार? सगळ्यांना फार बरं वाटलं होतं.)

लग्न होऊन मी शेलूबाजारला आले. वाशीमच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. पहिलं वर्ष काळीपिवळी जीपनं गेले. जीपमध्ये बायामाणसांना मान म्हणून पुढे बसवतात, आणि पुढे बसलं की गिअरचा दांडा बरोबर आपल्या दोन गुडघ्यांच्या मध्ये येतो. ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी अदबीनं म्हणायचा, “म्याडम, जरा तिसरा टाकू द्या.” मी उडून बाजूच्या बाईच्या मांडीवर. त्या बाईच्या मांडीवर आधीच तिची कोंबडी असायची.

म्हणून नवऱ्यानं, म्हणजे अर्पितनं, कापड दुकानामागच्या शेडमध्ये उभी असलेली बाबूजींची जुनी पांढरी गाडी मला शिकवली. बाबूजी म्हणजे माझे सासरे, कस्तुरचंद शेठ. ती गाडी हाती आली आणि माझे गुडघे माझे स्वतःचे झाले. तेव्हा ही गाडी म्हणजे माझ्यासाठी काय होती, ते समजून घ्या.

तर, गाणं बंद केलं. पुढे सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर होता, नीट लक्ष द्यावं म्हणून. क्लच दाबला आणि गाडीच्या पोटातून आवाज आला, “घूंऽऽऽ.” मी दचकून क्लच सोडला, आवाज बंद. परत दाबला. “घूंऽऽऽ.” वाशीम येईपर्यंत मी त्या आवाजाशी एकटीनं लढले.

कॉलेजात पोचल्या पोचल्या स्टाफरूममधून धरमसिंगकाकांना फोन केला. आमच्या फाट्यावर त्यांचं गॅरेज आहे. तीस वर्षं गाड्या उघडताहेत, पण बोलताना घाई नाही.

“आवाज कसा येते, सूनबाई?”

“मोठा येतो.”

“मोठा नाही. कसा येते? करून दाखवा.”

“इथे?”

“मंग कुठी? तुमी तिकडं, मी इकडं. क्लच दाबल्यावर काय म्हन्ते थे?”

मी भिंतीकडे तोंड केलं. “घूंऽऽऽ.”

“अन् सोडल्यावर?”

मी गप्प राहिले.

“हां, बरोबर. एक डाव अजूक करा, जरा लांबवा.”

मी लांबवला. वळून पाहिलं तर मराठी विभागाच्या रंजीता मॅडम पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या होत्या. (त्या आजही मला अधूनमधून पाणी विचारतात.)

“रिलीज बेरिंग गेली,” काकांनी निदान केलं. “क्लच दाबला की जे फिरते, थे. पाय क्लचवरच राहते का तुमचा?”

“कधी कधी.”

“उचलता कधी?”

मी आठवून पाहिलं. “घरी आल्यावर.”

संध्याकाळी गाडी त्यांच्याकडे टाकली. दुसऱ्या दिवशी नवी बेरिंग बसली आणि तो घूंऽऽ गेला. माझी सगळीकडे वाहवा झाली. बाबूजी गिऱ्हाइकांना कापड दाखवता दाखवता सांगायचे, “आमच्या सुनीनं तोंडानं आवाज काढला, अन् मिस्त्रीनं फोनवर बिमारी वळखली.” इथंच गोष्ट संपायला हवी होती. पण गाडी देताना धरमसिंगकाका मला चार शब्द ऐकवून गेले.

“सूनबाई, क्लच म्हंजे पाय ठेवाचा पाट नाही. काम पडलं त दाबाचा, झालं की सोडाचा. नाही त प्लेट जाईन. मंग पुरा गेअरबॉक्स खाली उतरवा लागन.”

गेअरबॉक्स खाली उतरवा लागन. हे वाक्य मी बरोबर घेऊन निघाले. आता क्लच दाबायचा म्हणजे जणू देव्हाऱ्यातल्या मूर्तीला हात लावायचा. अंग आवळून, श्वास धरून दाबायचा, गिअर टाकायचा आणि विस्तवावरून उचलावा तसा पाय उचलायचा.

तिसऱ्या दिवशी नवा आवाज आला. “कर्रर्र.”

हा घूंऽऽ नव्हता. कोरड्या दोन दगडांनी एकमेकांना घासावं तसा. दर वेळी, गिअर बदलताना. पहिल्यावरून दुसऱ्यावर, कर्रर्र. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, कर्रर्र.

घरी येऊन अर्पितला शेजारी बसवलं आणि गावाबाहेर एक चक्कर मारली.

“आला! ऐकलास?”

“काय?”

“कर्रर्र!”

“थो त तू केला आता.”

“मी करून दाखवला. त्याच्या आधी गाडीनं केला.”

मग अर्पितनं गाडी चालवली आणि मी शेजारी बसले. गाडी अगदी शहाण्यासारखी चालली. (गाड्या माणूस ओळखतात असा माझा तेव्हा पक्का समज झाला.) मग मी चालवली, मागे बाबूजी आणि बाईजी बसले. बाईजी म्हणजे सासूबाई, अंगुरीबाई. गिअर बदलला. “आला!” मी ओरडले. बाईजी उडाल्या. बाबूजींचा चष्मा पडला.

“मले त काही आलं नाही बापा,” बाबूजी म्हणाले.

“गाडी बोलून नाही राह्यली,” बाईजी पदर सावरत म्हणाल्या, “तूच बोलून राह्यली.”

पुरावा हवा म्हणून मी फोन गिअरजवळ ठेवून आवाज रेकॉर्ड केला. घरी सगळ्यांनी मिळून ऐकला. त्यात इंजिन होतं, एक हॉर्न होता, आणि माझा आवाज होता, “आला! आला! अगं बाई, परत आला!” बाकी काही नव्हतं.

एखाद्या घरानं म्हटलं असतं, सुनेला भास होतात. आमच्या बाबूजींनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि घोटाळा झाला तो तिथं.

“पयला आवाजही हिलेच ऐकू आला होता,” ते म्हणाले. “थो खरा निंघाला. मंग हाही खराच असन. रस्त्यात गाडी बंद पडली त पोरगी काय करन? नको. विकून टाकू.”

“आणि मी कॉलेजला कशी जाऊ?”

“आपली काळीपिवळी आहे ना.”

माझ्या दोन्ही गुडघ्यांना एकदम घाम फुटला. आवाज येत नाही असं सांगून टाकावं, असंही मनात आलं. पण तोवर बाईजी चार माणसांत सांगून बसल्या होत्या की, आमची चंदना खोटं बोलत नाही. आता काय करता?

रविवारी केनवडहून नवीनभाऊ मोटरसायकलवरून गाडी पाहायला आले. जाडजूड, हसरे, डोळ्यांनीच टायर दाबून पाहणारे. त्यांना गाडी पाहताक्षणी आवडली. आता बाबूजींची एक पद्धत आहे. दुकानात कापड फाडायच्या आधी, त्यात कुठे एखादा धागा ओढलेला असेल तर ते स्वतः त्यावर बोट ठेवून दाखवतात आणि मगच कात्री लावतात. गाडीलाही त्यांनी तेच केलं.

“नवीनभाऊ, आधीच सांगतो. गेअर बदलताना आवाज येते.”

नवीनभाऊंनी गाडी चालवून आणली. फाट्यापर्यंत गेले, आले. “शेठजी, काही आवाज नाही.”

“आहे.”

“नाही ना! मी पाच गेअर टाकून पाह्यले.”

“तुमाले आला नसन. पण आहे.”

“तुमी ऐकला?”

“नाही.”

“तुमच्या पोरानं ऐकला?”

“नाही.”

नवीनभाऊंचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी बॉनेटकडे पाहिलं, मग बाबूजींकडे. “शेठजी, मी लय गाड्या घेतल्या. आवाज लपवणारे पाह्यले. पण नसलेला आवाज सांगणारा माणूस पयलेच पाह्यला. याचा अर्थ आत याहून मोठं काहीतरी आहे, अन् तुमी माह्यं ध्यान दुसरीकडं लावून राह्यले!”

चाळीस वर्षं दुकान चालवणाऱ्या माणसाला असं कुणी म्हणालं नव्हतं. बाबूजी लाल झाले. रस्त्यावरची चार माणसं थांबली.

“चला धरमसिंगकडं!” बाबूजी गरजले. “थो सांगन थे खरं.”

अशी आमची वरात गॅरेजवर आली. बाबूजी, अर्पित, नवीनभाऊ, आणि काय होतंय ते बघू म्हणून बाईजीसुद्धा. धरमसिंगकाकांनी सगळ्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. बॉनेट उघडलं, गाडी चालू केली, मला सीटवर बसवलं. मग त्यांनी हातभर लांब पेचकस (स्क्रू-ड्रायव्हर) काढला. त्याचं टोक गिअरबॉक्सला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर छाती तपासतात तसं.

“हां सूनबाई. क्लच दाबा. पयला टाका.”

मी अंग आवळलं, श्वास धरला, दाबला. कर्रर्र.

“आला!”

“नाही आला,” बॉनेटमागून उत्तर आलं. “अजूक.”

“आला!”

“नाही. अजूक.”

“आला ना काका! केवढा मोठा!”

धरमसिंगकाकांनी पेचकस खाली ठेवला, हात पुसले आणि माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले. गाडीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत म्हणाले, “आता दाबा.”

दाबला. कर्रर्र.

“हां,” ते म्हणाले. “भेटला.” मग मागे वळून, “शेठजी, विलायची आहे का?”

(पुस्तकातली वेलची, आमच्या इकडची विलायची.) बाबूजींच्या खिशात चांदीची लहान डबी असतेच. काकांनी त्यातली एक मला दिली. “दाढेत धरा. चाबू नका. आता टाका गेअर.”

मी विलायची दाढेत धरली, क्लच दाबला, पहिला टाकला. शांत. दुसरा. शांत. तिसरा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“गेला! काका, तुम्ही काय केलं?”

“मी काही नाही केलं. आवाज गाडीत नव्हताच, सूनबाई. तुमच्या तोंडात होता. क्लच दाबताना तुमी कचकचून दात खाता.”

मग काका शांतपणे पेचकस उचलून सगळ्यांना समजावून सांगू लागले. “हे पाहा, गेअरबॉक्सचा आवाज या लोखंडातून माह्या कानात येते. तसाच दातायचा आवाज हाडातून सूनबाईच्या कानात जाते. म्हून यायलेच ऐकू येते, बाकी कोणाले नाही. पोरगी खोटं नाही बोलली.”

बाईजी विजयी चेहऱ्यानं सगळ्यांकडे पाहू लागल्या. मी सीटखाली मावते का, ते बघत होते.

“म्हंजे गाडी चांगली आहे!” नवीनभाऊ एकदम खुलले. “मंग देऊन टाका, शेठजी! आत्ता नेतो.”

बाबूजींनी डबी खिशात ठेवली. “आवाजच नाही, त विकू कायले?”

“अहो पण—”

“आवाज होता म्हून विकून राह्यलो होतो. आता चांगली आहे. चांगली गाडी कोनी विकते का?”

नवीनभाऊ मोटरसायकलला किक मारता मारता म्हणाले, “केनवडवरून बलावलं, कायले? त दात ऐकाले!”

तर गाडी माझ्याकडेच राहिली. गाडीच्या कप्प्यात, इन्शुरन्सच्या कागदांशेजारी, बाबूजींनी विलायचीची एक डबी कायमची ठेवली आहे. सकाळी निघताना बाईजी खिडकीशी येऊन विचारतात, “पेट्रोल आहे? विलायची आहे?” आणि मगच फाटक उघडतात. गाणं पुन्हा लावते. विलायचीचं शास्त्रीय नाव, कुळ, फळाचा प्रकार, सगळं मला पाठ होतं. ती गिअरलाही चालते हे मात्र कुठल्याच पेपरला नव्हतं. एकूण बरं चाललं आहे. जीपमधली ती बाई परवा रस्त्यात दिसली, तर मी हात केला. तिनं कोंबडीचा पाय हलवून दाखवला.

गेल्या बुधवारी मात्र पुन्हा आवाज आला. खडखड, घर्रर्र, खडखड. पण आता मी काही पूर्वीची राहिले नव्हते. दचकले नाही. (थोडी दचकले.) शांतपणे एक विलायची दाढेत धरली. आवाज थांबला नाही. दुसऱ्या बाजूच्या दाढेत दुसरी धरली. तरी घर्रर्र. आज ताण जास्त दिसतो, म्हणून आणखी दोन. रस्त्यात मोटरसायकलवाले मला पाहून हात करत होते, काहीतरी ओरडत होते. आपण आता या रस्त्यावर ओळखीच्या झालो, असं वाटून मीही हसून हात केला.

कॉलेजच्या फाटकाशी रंजीता मॅडम स्कूटी आडवी घालून उभ्या राहिल्या. “अगं चंदना! तुझा सायलेन्सर तुटून लोंबतोय! तीन किलोमीटर झाले, मी मागून ओरडतेय. ठिणग्या उडत होत्या रस्त्यावर!”

खाली वाकून पाहिलं. खरंच लोंबत होता. तिथंच उभी राहून धरमसिंगकाकांना फोन लावला आणि चार विलायच्यांच्या मधून जमेल तेवढं सांगितलं, “काका, आवाज येतोय! खरा आवाज!”

तिकडून अगदी मायेनं उत्तर आलं, “काही नाही सूनबाई, दात आहेत थे. अजूक एक घाला.”

मी सायलेन्सरकडे पाहिलं. रंजीता मॅडमनी पाण्याची बाटली पुढे केली.

आणि मी पाचवी घातली.