मॅटाडोरच्या दारातली लोकर

कचरूने मॅटाडोरला नवे स्पीकर बसवले, तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की गाडीची दारं गाण्यापेक्षा मोठ्याने वाजतात. रोज वाळूजच्या कंपनीत कामगार नेताना हा खडखडाट कुणाला जाणवत नसे, कारण सगळे झोपलेले असत. पण उद्या आईला, पारूबाईला, विद्यापीठाच्या गेटावर न्यायचं होतं. इतक्या वर्षांच्या लढ्यानंतर बाबासाहेबांचं नाव लागलं होतं. वाटेत भीमगीतं घुमायला हवीत, ढोलकी दारांनी वाजवायची नाही, एवढाच त्याचा हट्ट.

"दारात काहीतरी मऊ भर," गॅरेजवाला म्हणाला.

कंपनीतला दोस्त सोनाजी मेंढरं राखणाऱ्या घरातला. "आमच्याकडं लोकर हाय की. तिच्यातून थंडी येत नाय, आवाज कुठून येतो?"

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. दोघांनी दारांचे आतले पत्रे काढून गादी भरावी तशी लोकर ठासली. हौसेला मोल नसतं म्हणतात, अक्कलही नसते.

दुसऱ्या दिवशी पारूबाई पुढं बसली आणि तिने नाक धरलं. "गाडीत मेंढरू बसलंय का रं?"

"माय, गाणं ऐक गाणं."

"ते ऐकते. पण मला गेटाच्या अलीकडं उतरव. मोर्चात पायी आले व्हते, लाठ्या खाऊन मागं फिरले. आता त्याच्याखालून पायीच जाणार."

गेटाजवळ कचरूने गाडी थांबवली आणि दाराची मूठ ओढली. दार हललं नाही, पारूबाईच्या बाजूचंही नाही. रस्त्यातल्या खड्ड्यांनी लोकर खाली बसून कुलपात गुंतली होती. काचाही उतरेनात. मागच्या दाराची कडी बाहेरून होती, आणि मागं बसलेला सोनाजी चौकातच उतरून, ती शिस्तीत लावून, गर्दीत मिसळला होता.

पारूबाई काचेवर मूठ आपटू लागली. "पोरांनो, दार उघडा!"

लोकरीने काम चोख केलं होतं. बाहेर कुणाला शब्द ऐकू आला नाही. दिसली ती पांढऱ्या लुगड्यातली, मूठ उगारणारी म्हातारी.

"जय भीम!" पोरांनी मुठी उंचावल्या. तिने चिडून दोन्ही हात आपटले, तर त्यांनीही दोन्ही हात वर केले.

"कुणी मोठ्या बाई दिसतेत," निळी पट्टी बांधलेला कार्यकर्ता म्हणाला. "वाट द्या."

काचेवर हार पडले. गाडी पुढं सरकू लागली.

"कचऱ्या, थांबव!"

"माय, लोक मागून ढकलतेत."

गाडी गेटाखाली शिरली तशी पारूबाईने डोळे गच्च मिटले. गाडीत बसून बघितलेलं गेट तिला जमेस धरायचं नव्हतं.

गेटाच्या पलीकडे सोनाजीने गाडी गाठली आणि मागची कडी काढली. "पारूमाय, भायेरचा आवाज आला का?" त्याने कौतुकाने विचारलं. तिने त्याच्या मेंढरांबद्दल जे सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही.

मग ती तरातरा गेटाच्या अलीकडं परत गेली. गाडी वळवून कचरूही मागं आला. तिच्या जागेवर सोनाजी होता, पण हारांआड तो कुणाला दिसत नव्हता. ती गेटाखाली पाऊल टाकणार, इतक्यात त्याच कार्यकर्त्याने तिला हळूच कोपराला धरलं.

"आजी, जरा बाजूला व्हा. मोठ्या बाईंची गाडी परत आलीय. त्यांना आधी जाऊ द्या."

पारूबाईने गाडीकडं पाहिलं आणि बाजूला सरकली.

"जाऊ द्या बापा. तिला पायी जायला मिळालं नाय, एवढं तरी मिळू द्या."

गाडी गेली. मग पदर खोचून पारूबाई चालू लागली, आणि मागची माणसं खोळंबली तरी तिने अजिबात घाई केली नाही.