मामंजींची तुलनात्मक नाडी

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, आजारातून बरे झाले होते आणि त्यांना घरी यायचे होते. एवढ्या क्षुल्लक कारणावरून कुणालाही रुग्णालयातून सोडता येत नाही, हे आम्हाला नंतर समजावण्यात आले.

रुग्णालयाने नाडी आणि रक्तप्रवाह मोजणारी तीन नवी यंत्रे आणली होती. तिन्ही सोज्वळ, साधी सुईसुद्धा न टोचणारी. पहिले बोटाला चिमट्यासारखे बसे आणि आरपार उजेड टाकी. दुसरे गळ्यावर चिकटवले की ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग ऐके. तिसरा कॅमेरा, तो दुरूनच चेहऱ्याचा रंग न्याहाळून ठोके सांगे. कोणते सरस, हे ठरवायला मापन समिती नेमली होती. नियम साधा होता. तिन्ही आकडे जुळले की पेशंट घरी.

चिमटा बहात्तर म्हणाला, गळ्याचे यंत्र चौसष्ट, कॅमेरा एक्क्याण्णव.

"यंत्रं बिघडली असतील," सासूबाई म्हणाल्या.

"यंत्रं तपासून घेतलीत, आजी," समितीचे अध्यक्ष समजुतीने म्हणाले. "पेशंटचं तसं काही प्रमाणपत्र आहे का तुमच्याकडे?"

नव्हते. लग्नाच्या वेळी मागून घ्यायचे राहिले होते.

मग पेशंटमधले दोष काढणे सुरू झाले. बोटे गार पडली की चिमटा चुके, म्हणून मामंजींवर जाड पांघरूण आले. पांघरुणाने चेहरा लाल झाला, तसा कॅमेरा भडकला; म्हणून तोंडावर गार वारा, थेट पंख्याखाली. बोलले की गळ्याचे यंत्र बावरे, म्हणून बोलणे बंद. हसणेही बंद. सासूबाई खोलीत आल्या की तिन्ही आकडे उड्या मारत, म्हणून त्यांची रवानगी बाहेरच्या बाकावर.

"या वयात, माझ्यामुळे?" त्यांनी विचारले.

"राग असेल, आजी. यंत्राला कारण कळत नाही."

"मला कळतं," असे म्हणून सासूबाई पदर सारखा करत बाकावर जाऊन बसल्या.

एका दुपारी मामंजींना बाथरूमला जायचे होते. बोलायची बंदी असल्याने परवानगी मागता येईना. त्यांनी चिमटा उशीच्या कोपऱ्याला लावला, गळ्याचे यंत्र तिच्या पोटावर चिकटवले, तिला कॅमेऱ्यासमोर नीट बसवले आणि गेले. वर पंखा गरगरत होता, खाली अभ्रा थरथरत होता.

सत्तर. सत्तर. सत्तर.

समिती धावत आली. इतका समंजस पेशंट त्यांनी पाहिला नव्हता. अध्यक्षांनी चष्मा पुसला.

"ही उशी आहे," मी हळूच म्हणाले.

"ते तुमचं मत झालं, ताई. हे मोजमाप आहे."

उशीला सन्मानाने घरी सोडण्यात आले, चाकाच्या खुर्चीतून. मामंजींना 'सोबतचा माणूस' म्हणून खुर्ची ढकलायला मिळाली, तेवढ्यावर तेही घरी आले.

संध्याकाळी शेजारी विचारपूस करायला आले.

"आकडे काय म्हणतात?"

"सत्तर," मी सांगितले. "तिन्हींवर."

"मग काय, उत्तमच," असे म्हणत त्यांनी कोचावरच्या उशीकडे कौतुकाने पाहिले. त्यांना दारापर्यंत पोचवायला मामंजीच गेले.

परत येऊन ते सासूबाईंशेजारी टेकले. "एवढी माणसं येऊन गेली, पण मला झालं काय होतं, हे एकानंही विचारलं नाही गं."

तुम्ही तरी कुठे विचारलेत? आकडे मात्र तिन्ही लक्षात असतील.