जुळलेले फॉर्म

“सिगारेट सोडणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!” हे वाक्य ग्रंथपाल आपल्या मेहुण्याला बारा वर्षं ऐकवत होते. सोडली ती सोडलीच, असं त्यांनी घरात ठणकावून सांगितलं होतं आणि बायको ते चारचौघांत मिरवत होती. प्रत्यक्षात रोज सहा चालूच होत्या! पण परवा जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून नुसतं “हं” म्हटलं. त्या “हं”नं ग्रंथपालांची पाचावर धारण बसली आणि ते गुपचूप व्यसनमुक्ती केंद्रात गेले.

तिथल्या मॅडमनी हा लांबलचक फॉर्म पुढे केला. पहिली कधी? चहाच्याही आधी. सोडायचा प्रयत्न? चारदा. घरी माहीत आहे? छे छे, भलतंच!

“मदत मागायला येणारे बरेचसे असेच,” मॅडम म्हणाल्या. “हरलेले, घाबरलेले, घरच्यांपासून लपवणारे. ज्याचा फॉर्म तुमच्याशी सगळ्यात जास्त जुळेल, तो तुमचा सोबती. नाव नाही, नंबर नाही. तल्लफ आली की इथे फोन करा, आम्ही जोडून देऊ.”

रविवारी जेवण झालं आणि तल्लफ आली. ग्रंथपाल बाथरूममध्ये शिरले, कडी लावली, फोन लावला. उभा जन्म वाचनालयात गेलेला, कुजबुजणं अंगवळणीच पडलेलं.

“सोबती, जीव जातोय हो!”

“माझासुद्धा,” पलीकडूनही कुजबूजच आली. बाईमाणूस! “कुत्रं भुंकतंय ना, ते मोजा. मी तेच करतेय.”

ग्रंथपालांनी कान टवकारले. खिडकीबाहेर कुत्रं भुंकलं. फोनमध्येही भुंकलं. त्याच क्षणी, तितक्याच वेळा!

ग्रंथपालांच्या अंगावर सर्रकन काटा आला. खोकल्याची उबळ आली. ते खोकले, आणि फोनमध्ये, लांबून, कुणीतरी खोकलं. त्यांचाच खोकला! शेवटच्या खरखरीसकट!

सिगारेटपायी गेलेल्यांपैकीच ही कुणी असेल आणि आपल्याला न्यायला आली असेल, याबद्दल आता त्यांना शंका उरली नाही.

“बाई,” ते कापत म्हणाले, “तुम्ही... जिवंत आहात ना?”

“हे काय विचारणं!”

“मग आत्ता खोकलं कोण?”

“आमचे हे. बारा वर्षांपूर्वी सोडली बिचाऱ्यांनी, तरी खोकला काही जात नाही. देवमाणूस हो! त्यांना माझं कळलं तर तोंड दाखवायला जागा उरायची नाही.”

ग्रंथपालांनी हळूच कडी काढली. गॅलरीत बायको पाठमोरी उभी होती, पदराआड फोन धरून.

देवमाणसाला खूप काही बोलायचं होतं. पण तोंडातून कुजबूजच निघाली, तीही फोनमध्ये.

“मागे बघ.”

बायकोनं अशी किंकाळी फोडली की खालचं कुत्रंसुद्धा गप्प झालं!

ती गॅलरीतून आत आली.

“बारा वर्षं?” तिनं विचारलं.

“आणि तू?”

“चौदा.”

इथेही ती दोन वर्षं पुढेच! त्या धक्क्यानं दोघांनाही अशी तल्लफ आली, अशी तल्लफ आली, की ती गॅलरीत पळाली आणि हे बाथरूममध्ये. ग्रंथपालांनी केंद्राला फोन लावला.

“जरा थांबा हं,” मॅडम म्हणाल्या, “तुमच्या सोबती दुसऱ्या फोनवर आहेत. फार घाबरल्यात. तुम्हालाच मागताहेत.”