बुधवारी पोचलेला प्रश्न

सोनदरीच्या नर्सिंग कॉलेजात इंग्रजीतून शिकवलेलं मागच्या बाकांवर तिसऱ्या दिवशी पोचायचं. पुढच्या बाकांवर लगेच. मागं बसायच्या खानदेशातल्या खेड्यांमधल्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या पोरी. सोमवारचं मूत्रपिंड त्यांना बुधवारी ऐकू यायचं, मग त्या वर्गात असोत नाहीतर न्हाणीत. याचं कुणाला नवल नव्हतं. पोरी न्हाणीत वही घेऊन जायच्या, एवढंच.

अडायचं ते तोंडी परीक्षेत. बाहेरचे परीक्षक सोमवारी प्रश्न विचारून संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला निघून जायचे. सुपडाबाईची हर्षाली त्यापायीच नापास झाली होती. ही शेवटची खेप. हुकली की कॉलेजातून नाव कमी. म्हणून सुपडाबाई भाकरी बांधून स्वतःच आली आणि परीक्षेच्या खोलीत दाराला पाठ लावून बसली.

डॉ. केळुसकरांनी इंग्रजीत प्रश्न विचारला. हर्षाली प्रश्न पोचायची वाट बघत उभी.

“उत्तर नाही,” म्हणत ते शून्य लिहायला लागले.

“हात आवरा, साहेब,” सुपडाबाई दारातून म्हणाली. “प्रश्न अजून वाटेत आहे.”

“मावशी, मला पाचची गाडी आहे.”

“मग मराठीत विचारा. इथल्या इथं पोचेल.”

“दर्जा घसरेल,” प्राचार्या म्हणाल्या.

“मग दर्जा धरून बसा. मीही बसलेय.”

परीक्षकानं उत्तरासाठी किती थांबावं, हे नियमांत कुठंच नव्हतं. आणि परीक्षा संपल्याशिवाय निघता येत नव्हतं. केळुसकर थांबले. मेसमध्ये कळण्याची भाकरी आणि ठेचा खात राहिले.

बुधवारी हर्षाली मेसमध्ये भाकरी थापत होती. मधेच तिचा हात थांबला.

“आला! बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नसेल तर आधी काय कराल? सर, मदतीला हाक मारीन, पण जागा सोडणार नाही. पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट होईपर्यंत चोळत राहीन.”

“अगदी बरोबर,” केळुसकर म्हणाले. “पण उशिरा. बाळंतीण बुधवारपर्यंत थांबेल का?” आणि त्यांनी शून्य लिहिलं.

सुपडाबाई उठली. “इथली बाळंतीण अहिराणीत ओरडते, साहेब. तुम्हाला कधी ऐकू जाणार?”

मग तिनं अहिराणीत जे सुरू केलं ते मेसपासून थेट एसटी स्टँडपर्यंत. केळुसकरांना नुसते ओठ हलताना दिसले. एसटीच्या खिडकीतून वाकून त्यांनी विचारलं, “काही म्हणालात?”

“पोचेल,” ती मराठीत म्हणाली.

शुक्रवारी पुण्यात निकाल समितीची बैठक चालू असताना केळुसकर एकदम ताठ झाले.

“काय झालं?” अध्यक्षांनी विचारलं.

“एक बाई बोलतेय.”

“कुठं?”

“बुधवारी.”

“मग संपू द्या तिचं.”

सगळ्यांनी पेनं खाली ठेवली. चहा आला, गार झाला. केळुसकरांचे कान लाल होत गेले. मधे एकदा ते, “नाही हो, माझी आई तशी नव्हती,” असं पुटपुटले. शेवटी त्यांनी घाम पुसला, शून्य खोडलं, आणि सवयीनं इंग्रजीतच म्हणाले, “पास.”

रविवारी सुपडाबाई अंगणात गोवऱ्या थापत होती. मधेच तिचा हात थांबला.

“हर्षाली,” तिनं घरात हाक मारली, “पास व्हयनी तू.”

आणि तिनं पुढची गोवरी थापायला घेतली.